दारातील पाहुणा आणि घरातील श्वान

पहाटे सहाच्या सुमारास सोलापूरच्या धर्मवीर संभाजी तलावाच्या काठी, होम मैदानाच्या कडेने किंवा जुळे सोलापूरच्या रुंद रस्त्यांवरून फेरफटका मारणाऱ्यांमध्ये हाती कुत्र्याचा पट्टा धरलेली माणसे आता नित्य दिसू लागली आहेत. पूर्वी या शहरातील कुत्रे एखाद्या घराचे असण्यापेक्षा गल्लीचे, चाळीचे किंवा गिरणीच्या फाटकाचे असे. रात्रपाळीच्या कामगारांची पावले ते ओळखत असे, दुपारी कुणाच्या तरी ओट्याच्या सावलीत पडून राही आणि मिळेल ती भाकरी खाई. चाळी जाऊन सदनिका आल्या, तसे हे कुत्रे दाराच्या बाहेरून दाराच्या आत आले. त्याच्या जातीही बदलल्या. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, पॉमेरेनियन ही नावे मुलांच्या तोंडी रुळली. मात्र कुत्रे आत आल्यावर त्याने माणसांत कसे वागावे, हे त्याला शिकवावे लागते, ही जाणीव त्या प्रमाणात घरोघरी पोहोचली आहे असे म्हणता येत नाही.

शहराबाहेरच्या माळावर अशा शिकवणुकीची फारशी गरज नव्हती. उत्तर सोलापूर तालुक्यातील नान्नजच्या माळावर आजही लांडग्यांचा वावर आहे. मेंढरांच्या वाड्यावर राखणीला बसलेल्या धनगराच्या कुत्र्याचे काम एकच, अनोळखी प्राणी किंवा माणूस दिसला की भुंकून उठवावे आणि वेळ आल्यास अंगावर जावे. जे कुत्रे अधिक भुंके, तेच अधिक गुणी. हाच पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेला स्वभाव घेऊन कुत्रे तिसऱ्या मजल्यावर राहावयास आले की जिन्यातून जाणारा प्रत्येक शेजारी त्याच्या दृष्टीने लांडगा ठरतो. कुत्र्याचा स्वभाव पालटलेला नाही, त्याची बदली झाली आहे. आणि बदलीच्या जागेवरील कामकाज त्याला कोणी समजावून दिलेले नाही.

एका घराचे उदाहरण

जुळे सोलापुरातील एखादे घर डोळ्यांपुढे आणावे. मुलाच्या वाढदिवसाला लॅब्राडोरचे दोन महिन्यांचे पिल्लू घरी येते. वजन जेमतेम चार-पाच किलो. कोणी बाहेरून आले की ते पुढचे पाय उचलून गुडघ्यांवर चढते, शेपटी हलविते, तोंडाकडे झेप घेऊ पाहते. सर्वांना कौतुक वाटते. त्याला उचलून घेतले जाते, कुरवाळले जाते, बिस्किट दिले जाते. दहा महिन्यांनी तेच पिल्लू पंचवीस-तीस किलोचे होते. सायंकाळी सिद्धेश्वराचे दर्शन घेऊन आजी परत येतात. दार उघडताच ते नेहमीच्याच प्रेमाने त्यांच्या अंगावर झेप घेते. आजी उंबऱ्यावर पडतात आणि मांडीच्या हाडाचा खुबा मोडतो. म्हातारपणी या हाडाचे मोडणे म्हणजे काय, हे ज्या घराने भोगले त्यालाच कळते.

पुढचा क्रम बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. कुत्र्याची रवानगी गॅलरीत होते, गळ्यात आखूड साखळी पडते. दिवसभर बांधलेले कुत्रे भुंकू लागते, शेजारी तक्रार करतात, गृहनिर्माण संस्थेच्या सभेत विषय निघतो. अखेर एखाद्या रात्री त्याला वाहनात घालून शहराबाहेर रस्त्यावर सोडून दिले जाते. भाकरी शोधणे त्याला ठाऊक नसते, रस्त्यावरील कुत्र्यांच्या टोळीत त्याला थारा नसतो. त्याचा अपराध इतकाच की दुसऱ्या महिन्यात ज्या कृतीबद्दल त्याला बिस्किट मिळाले, तीच कृती त्याने बाराव्या महिन्यातही केली.

हा सारा अनर्थ टाळण्यास लागणारा वेळ दिवसाकाठी वीस मिनिटांहून अधिक नाही. तो पहिल्या सहा महिन्यांत दिला गेला पाहिजे, एवढीच अट आहे.

परंपरा आणि प्रशिक्षण

महाराष्ट्रात कुत्र्याविषयी आत्मीयता नाही असे नाही. दत्तात्रेयाच्या पायांशी कुत्री आहेत. सोलापूरलगतच्या बाळे येथील खंडोबाला चंपाषष्ठीस जाणारा भाविक खंडोबाचे कुत्रेही जाणतो. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या संत नामदेवांची कथा याच जिल्ह्यातील पंढरपुराशी जोडलेली आहे. साताऱ्याजवळ संगम माहुली येथे छत्रपती शाहू महाराजांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याचे स्मारक आहे. तथापि भूतदया आणि प्रशिक्षण या दोन निराळ्या गोष्टी होत. भूतदयेने कुत्र्याला अन्न मिळते. माणसांत कसे वावरावे, याचे ज्ञान त्याला प्रशिक्षणानेच मिळते. प्रशिक्षण म्हणजे पोलिसांच्या श्वानपथकाचे किंवा मीरत येथील लष्करी केंद्रात दिले जाणारे शिक्षण, असा एक समज आढळतो. गुन्ह्याचा माग काढणे किंवा स्फोटके हुंगून शोधणे हे विशेष कौशल्य झाले. घरगुती श्वानाला त्याची आवश्यकता नाही. त्याला हवी असते ती बालवर्गाची शाळा, आणि तिचे शिक्षक घरातील माणसेच असतात.

पहिले बारा आठवडे

ही शाळा केव्हा सुरू करावी, याचे उत्तर शास्त्रज्ञांनी फार पूर्वी दिले आहे. अमेरिकेतील जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अनेक वर्षे पिल्लांचे निरीक्षण करून आपला ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध केला. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या समाजजीवनाचा पाया घालतो, हा त्यांचा महत्त्वाचा निष्कर्ष होता. या काळात जी माणसे, जे आवाज, जे वास सुखाने अनुभवास येतात ते त्याला जन्मभर आपले वाटतात. जे या काळात भेटलेच नाही, त्याची पुढे भीती वाटण्याचा संभव फार. चावणारी पुष्कळ कुत्री क्रूर नसतात, ती भ्यालेली असतात.

येथे एक अडचण उभी राहते. याच वयात पार्व्हो, डिस्टेंपर यांसारख्या घातक रोगांच्या लसी पूर्ण झालेल्या नसतात, म्हणून पिल्लाला रस्त्यावर सोडणे धोक्याचे असते. यावर साधा उपाय असा की त्याला जमिनीवर न ठेवता कडेवर घेऊन बाहेर न्यावे. सोलापूरसारखे विविधरंगी शहर या कामी एक उत्तम पाठशाळाच आहे. फेटा बांधलेले शेतकरी, बुरखा घेतलेल्या स्त्रिया, शिरस्त्राण घातलेला मोटारसायकलस्वार, काठी टेकीत चालणारे वृद्ध, गणवेशातील टपालवाला, खांद्यावर गॅसची टाकी घेतलेला माणूस, भाजीची हातगाडी, पूर्व भागातील यंत्रमागांचा खडखडाट, लग्नाच्या वरातीतील बँड आणि हलगी, असे सारे त्याला लांबून, हळूहळू आणि थोडा थोडा वेळ दाखवावे. प्रत्येक नव्या दर्शनाबरोबर तोंडात एक लहानसा घास द्यावा. पिल्लू अंग चोरू लागले, थरथरले किंवा घासाकडे तोंड फिरविले, तर आपण फार जवळ आलो आहोत असे समजून मागे यावे. भीती जाईल म्हणून त्याला मुद्दाम गर्दीत नेऊन उभे करणे ही मोठी चूक होय. त्याने भीती दुणावते.

याच वयात अंगाला हात लावून घेण्याची सवय लागते. पंजे धरणे, कान उघडून पाहणे, ओठ वर करून दात पाहणे, हे रोज अर्धा मिनिट करावे आणि लगेच घास द्यावा. पुढे पशुवैद्यकाच्या मेजावर किंवा घरातील लहान मुलाने अवचित शेपटी ओढली असता या अर्ध्या मिनिटाचे मोल लक्षात येते.

शिकण्याचा नियम

कुत्रे कसे शिकते, याविषयीचे मूलतत्त्व एकच आहे: ज्या कृतीचा शेवट सुखात होतो, ती कृती प्राणी पुन्हा करतो. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये मांजरांवरील प्रयोगांतून याची मांडणी केली. रशियाच्या इव्हान पाव्हलॉव्ह यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखविले की अन्नाशी वारंवार जोडलेली एखादी निरर्थक खूणदेखील अन्नाइतकीच परिणामकारक होते. बी. एफ. स्किनर यांनी तर १९५१ मध्ये एक छोटा लेख लिहून सामान्य माणूसही घरबसल्या प्राण्याला कसे शिकवू शकेल, हे सांगितले. या साऱ्यांचे व्यवहारातील सार असे की कृती आणि बक्षीस यांत एक-दोन सेकंदांहून अधिक अंतर पडता कामा नये. कुत्रे बसले, आपण स्वयंपाकघरात गेलो, डबा उघडला आणि पोळी घेऊन आलो, तर तोवर ते उठून उभे राहिलेले असते. मग त्याला उभे राहण्याचे बक्षीस मिळते. शिक्षेचेही तेच. बाहेरून येऊन चपलेचे तुकडे पाहिल्यावर कुत्र्याला मारले, तर त्याला मार आणि चप्पल यांचा संबंध कळत नाही. मालक घरी आला की मार बसतो, इतकेच कळते.

बक्षीस म्हणून महाग खाद्य विकत आणण्याचे कारण नाही. सोलापूरची ज्वारीची कडक भाकरी या कामी फार सोयीची. तिचे नखाएवढे तुकडे होतात, ते खिशात चिकटत नाहीत. बिनमिठाचे भाजलेले दाणे, उकडलेल्या अंड्याचा कण, हेही चालते. शेंगाचटणी मात्र देऊ नये. तीतील तिखट व मीठ तर नकोच, पण लसूणही कुत्र्याला अपायकारक आहे. कांदा, चॉकलेट आणि विशेषतः द्राक्षे व बेदाणे कटाक्षाने दूर ठेवावेत. द्राक्षबागांच्या या जिल्ह्यात मुले प्रेमाने बेदाणा पुढे करतात, आणि त्याने कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते हे घरातल्या मोठ्यांनाही ठाऊक नसते.

भाषेचा प्रश्नही सोलापुरात दुर्लक्षिण्यासारखा नाही. एकाच घरात आजी तेलुगू बोलतात, आईवडील मराठी, शेजारी कन्नड आणि मुले इंग्रजी शाळेतले शब्द घेऊन येतात. मग कुत्र्याला एकाच कृतीसाठी ‘बस’, ‘कूर्चो’, ‘कूडु’, ‘बैठ’ आणि ‘सिट’ असे पाच शब्द ऐकावे लागतात. कुत्र्याला कोणतीच भाषा परकी नाही, कारण त्याला सर्वच भाषा सारख्या परक्या आहेत. त्याला एक कृती आणि एक शब्द एवढेच हवे असते. घरातील सर्वांनी एकत्र बसून पाच शब्द ठरवावेत व ते कागदावर लिहून दाराशी लावावेत. ‘बस’, ‘थांब’, ‘ये’, ‘सोड’ आणि ‘जागेवर’ हे पाच शब्द घरगुती व्यवहाराला पुरतात. प्रत्येक शब्दाबरोबर हाताची एक ठरावीक खूणही सुरुवातीपासूनच करावी.

‘बस’ शिकविण्याची रीत अशी. भाकरीचा तुकडा पिल्लाच्या नाकासमोर धरून हात सावकाश त्याच्या डोक्यावरून मागे न्यावा. नाक वर जाते, तसा मागचा भाग आपोआप खाली टेकतो. टेकताक्षणी ‘बस’ म्हणून तुकडा द्यावा. पाठीवर दाबून बसविण्याची आवश्यकता नाही. एका वेळी तीन ते पाच मिनिटे आणि दिवसातून तीन-चार वेळा एवढा सराव पुष्कळ झाला. पिल्लू कंटाळण्यापूर्वीच थांबावे.

अंगावर उड्या

उड्या मारणारे कुत्रे माणसाचे लक्ष मागत असते. ओरडणे, हाताने ढकलणे, ‘नको, नको’ म्हणणे हेही त्याच्या लेखी लक्ष देणेच होय. म्हणून ते उडी घेऊ लागताच काही न बोलता पाठ फिरवावी, हात छातीशी घ्यावेत आणि नजर दुसरीकडे वळवावी. चारही पाय जमिनीवर टेकले की त्याच क्षणी शांतपणे वाकून घास द्यावा किंवा कुरवाळावे. काही दिवसांत ‘बस’ सांगून बसल्यावरच कौतुक करावे. बसलेले कुत्रे उडी मारू शकत नाही, हीच या उपायाची खुबी.

यात दोन ठिकाणी माणसे हमखास चुकतात. एक तर पहिले चार-सहा दिवस कुत्रे पूर्वीपेक्षा अधिक उड्या मारते. आजवर लागू पडलेला उपाय आज का लागू पडत नाही, म्हणून ते अधिक जोर लावून पाहते. उपाय फसला असे समजून माणसे नेमका याच वेळी तो सोडून देतात. दुसरी चूक याहून मोठी. घरातील चार माणसे नियम पाळतात आणि पाचवा, बहुधा घरातील तरुण मुलगा, ‘मला चालते’ म्हणून त्याला अंगावर घेतो. दहांतून एकदा मिळालेले बक्षीस सवय मोडत नाही, उलट ती घट्ट करते. सोडतीचे तिकीट पुनःपुन्हा घेणाऱ्याची आशा जशी तुटत नाही, तसेच हे आहे. कुत्र्याचे शिक्षण अनेकदा कुत्र्यामुळे नव्हे, कुटुंबातील मतभेदामुळे रखडते.

चादरीचा उपयोग

पाहुणा येण्याच्या वेळी कुत्र्याने काय करू नये, हे सर्वांना सांगता येते. त्याने काय करावे, हे मात्र ठरविलेले नसते. त्याला एक निश्चित जागा दिली की प्रश्न बराच सुटतो. जुन्या सोलापुरी चादरीची चौघडी दारापासून आठ-दहा फुटांवर, भिंतीलगत घालावी. ‘जागेवर’ म्हणून हाताने दाखवावे. चादरीवर पाय पडताच घास, बसताच दुसरा घास. पहिल्या दिवशी पाच सेकंद, आठवड्याने अर्धा मिनिट, महिन्याने पाच मिनिटे, असा अवधी वाढवीत न्यावा. मुदत संपण्यापूर्वी ते उठले, तर रागावू नये, मुदत कमी करावी. हीच चादर पुढे पाव्हण्यांच्या गावी, रेल्वेत किंवा पशुवैद्यकाकडे नेता येते. परक्या ठिकाणीही कुत्र्याला आपली जागा आपल्याबरोबर आल्यासारखे वाटते.

त्यानंतर दाराची घंटा. ती वाजताच भुंकत धावणारे कुत्रे घंटेचा अर्थ ‘परका आला’ असा लावते. तो बदलून ‘चादरीवर घास मिळणार’ असा करावयाचा. यासाठी घरातील एकाने बाहेर उभे राहून कोणी पाहुणा नसताना दहा वेळा घंटा वाजवावी आणि प्रत्येक वेळी कुत्र्याला चादरीकडे वळवून घास द्यावा. असे पंधरा दिवस रोज केल्यावर घंटा झाली की पुष्कळ कुत्री स्वतःहून चादरीकडे पाहू लागतात. मगच खरा पाहुणा आणावा, आणि त्यालाही आगाऊ सांगून ठेवावे. येताच कुत्र्याकडे झेपावून त्याचे गाल धरणारा पाहुणा कुत्र्याइतकाच शिकविण्याजोगा असतो!

ज्यांना कुत्र्याची भीती वाटते, ज्यांच्या धर्माचारात कुत्र्याचा स्पर्श वर्ज्य आहे किंवा ज्यांना आजारपणामुळे तो सोसत नाही, अशा पाहुण्यांसमोर ‘आमचा काही करत नाही हो’ हे वाक्य उच्चारू नये. त्या वेळी कुत्र्याला दुसऱ्या खोलीत ठेवणे हाच शिष्टाचार.

कारवान आणि पश्मी

या भागातील स्वतःच्या श्वानजातींचा उल्लेख येथे करावयास हवा. सोलापूर, सांगली, कोल्हापूर आणि पलीकडे विजापूर, बागलकोट या सीमाभागात सडपातळ, लांब पायांचे शिकारी कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या पाळले जातात. आखूड केसांचा तो कारवान आणि कानांवर, पायांवर व शेपटीवर रेशमी झालर असलेला तो पश्मी. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी या जातीची जोपासना केल्याने ती ‘मुधोळ हाउंड’ या नावानेही ओळखली जाते. ९ जानेवारी २००५ रोजी भारतीय टपाल खात्याने देशी श्वानांवर काढलेल्या चार तिकिटांत तिला स्थान मिळाले आणि पुढे २०१६ मध्ये लष्कराने मीरत येथे तिच्या प्रशिक्षणास प्रारंभ केला.

हे कुत्रे नजरेने शिकार करते. पळणारी वस्तू दिसली की त्याचे पाय विचारापूर्वीच धावू लागतात. मग ती वस्तू ससा असो, सायकल असो की धावणारे मूल असो. म्हणून अशा कुत्र्याला रस्त्यावर कधीही मोकळे सोडू नये. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ पासूनचे आहे. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांच्या अशा गवताळ माळांवर तर हा नियम सर्वच कुत्र्यांना लागू आहे.

कारवान स्वभावाने अबोल असतो. परक्याने अंगाला हात लावलेला त्याला सहसा आवडत नाही. त्याच्या मालकाने तो लॅब्राडोरसारखा सर्वांच्या गळ्यात पडावा अशी अपेक्षा करू नये. शिष्टाचार म्हणजे सलगी नव्हे. पाहुणा आला, कुत्र्याने मान वळवून पाहिले आणि ते आपल्या जागी पडून राहिले, तर ते पूर्ण सुसंस्कृत वर्तन झाले. किंबहुना सार्वजनिक ठिकाणी ही शांत उदासीनताच सर्वांत इष्ट होय. अमेरिकन केनेल क्लबने १९८९ मध्ये ‘सुजाण नागरिक श्वान’ अशी दहा कसोट्यांची परीक्षा सुरू केली. परक्या माणसास शांतपणे जवळ येऊ देणे, गर्दीतून सैल पट्ट्याने चालणे, दुसरे कुत्रे दिसले तरी अंगावर न जाणे, या तिच्यातील काही कसोट्या होत. कसरती तीत नाहीत.

रस्त्यावर

सैल पट्ट्याने चालविण्याची युक्ती सोपी, पण सहनशीलतेची परीक्षा पाहणारी आहे. कुत्र्याने ओढ घेतली की थांबावे. पट्टा सैल झाला की चालावे. पहिल्या दिवशी अर्ध्या तासात एक गल्लीही ओलांडून होत नाही. ओढल्याने पुढे जाता येत नाही, हे कळावयास साधारण दोन-तीन आठवडे लागतात. फिरताना जवळ कागद व पिशवी ठेवून कुत्र्याची घाण स्वतः उचलावी.

सोलापूरचा उन्हाळा हा स्वतंत्र विषय आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या वर जातो. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. धापा टाकूनच ते अंगातील उष्णता बाहेर टाकते. डांबरी रस्त्यावर हाताची मागील बाजू सात सेकंद ठेववत नसेल, तर त्यावरून कुत्र्याला नेऊ नये. सूर्योदयापूर्वी आणि रात्री हीच फिरण्याची वेळ. उन्हाने त्रासलेले, तहानलेले कुत्रे चिडखोर होते, आणि मग त्याला अंगी नसलेला दुर्गुण चिकटविला जातो.

जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते. नंदीध्वजांची मिरवणूक, वाद्यांचा गजर आणि होम मैदानावरील शोभेचे दारूकाम पाहण्यास सारे शहर लोटते. कुत्र्याला या सोहळ्यास बरोबर नेण्याचा मोह टाळावा. त्याची श्रवणशक्ती माणसापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असते. दारूकामाच्या रात्री खिडक्या लावून, आतल्या खोलीत, त्याच्या चादरीवर त्याला ठेवावे आणि घरातील एकाने सोबत थांबावे.

गुरगुरण्याचा अर्थ

चावण्यापूर्वी कुत्रे पुष्कळ वेळा बोलते. त्याची भाषा मात्र ऐकली जात नाही. ते तोंड वळविते, ओठ चाटते, झोप आलेली नसताना जांभई देते, अंग ताठ करते, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल अशा तिरप्या नजरेने पाहते. शेपटी हलते म्हणजे ते खूश आहे, हा समज नेहमीच खरा नसतो. ताठ, उंच धरलेली शेपटी वेगाने हलत असेल तर सावध व्हावे. एवढ्यावरही कोणी मागे सरले नाही, तर ते गुरगुरते. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला मारणे म्हणजे धोक्याची घंटा काढून टाकणे. पुढच्या वेळी ते न गुरगुरता चावते, आणि ‘अचानक चावला’ असे सांगितले जाते.

चाव्यांना बळी पडणाऱ्यांत मुलांचे प्रमाण मोठे असते, आणि चावणारे कुत्रे बऱ्याचदा ओळखीचेच असते. मुलांची उंची लहान असल्याने जखम चेहऱ्याला व मानेला होते. म्हणून कुत्र्याबरोबरच मुलांनाही शिकवावे लागते. जेवणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्ले पाजणाऱ्या कुत्र्याजवळ जाऊ नये. त्याच्या गळ्यात हात टाकू नयेत. परक्या कुत्र्याला हात लावण्यापूर्वी मालकाची परवानगी घ्यावी, आणि मग कुत्र्याचीही घ्यावी. म्हणजे एका बाजूस उभे राहून ते आपण होऊन जवळ येते का, ते पाहावे. अंगावर येणाऱ्या कुत्र्यापुढे पळू नये. हात अंगाशी घेऊन झाडासारखे स्तब्ध उभे राहावे. सहा-सात वर्षांखालील मूल आणि कुत्रे, कितीही गरीब असले तरी, एका खोलीत एकटी सोडू नयेत.

मालकाची जबाबदारी

रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांतून प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा अधिनियम झाला आणि १९६२ मध्ये त्यांच्याच नेतृत्वाखाली भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ अस्तित्वात आले. या अधिनियमाच्या कलम ११ नुसार प्राण्यास अवाजवी काळ आखूड किंवा जड साखळीने बांधून ठेवणे आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्यास पुरेसे फिरविण्यात हयगय करणे हे अपराध आहेत. गॅलरीतील साखळीचा प्रश्न हा केवळ दयेचा नाही, तो कायद्याचाही आहे. उलट बाजूने, आपल्या प्राण्यापासून माणसाला धोका पोहोचू नये म्हणून आवश्यक ती दक्षता न घेणाऱ्या मालकास १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात.

लसीकरणाविना शिष्टाचाराला अर्थ नाही. जगभर माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत रेबीज कुत्र्यांमुळे होतो, आणि लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. पिल्लू तीन महिन्यांचे होताच त्याला रेबीज प्रतिबंधक लस द्यावी, पुढील मात्रा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दरवर्षी द्यावी आणि तिचे कार्ड जपून ठेवावे. पाळीव कुत्र्याचा दात लागला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. तिच्यावर चुना, हळद किंवा मिरचीपूड लावू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. शासकीय रुग्णालयांत ही लस उपलब्ध असते. शिरेत नव्हे तर स्नायूत दिल्या जाणाऱ्या लसीच्या मात्रा पहिल्या दिवसापासून मोजून ०, ३, ७, १४ आणि २८ या दिवशी, तर त्वचेत दिल्या जाणाऱ्या लसीच्या मात्रा ०, ३, ७ आणि २८ या दिवशी असतात. जखमेतून रक्त आले असेल तर जखमेत द्यावयाच्या प्रतिद्रव्याविषयी डॉक्टरांना विचारावे. चावलेल्या कुत्र्यास मारून टाकू नये किंवा हाकलूनही देऊ नये. त्याच्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे लागते.

मोठे झालेले कुत्रे शिकत नाही, असे पुष्कळांना वाटते. ते शिकते, फक्त वेळ अधिक लागतो आणि जुनी सवय मोडण्याचे काम वाढते. आधीच कोणाला चावलेल्या कुत्र्यावर मात्र घरगुती प्रयोग करू नयेत. प्रथम पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावे. कानाचे दुखणे, सांध्यांची वेदना, अधू झालेली दृष्टी यांमुळेही शांत कुत्रे चिडखोर होते. दुखणे नसल्यास अनुभवी प्रशिक्षकाकडे न्यावे आणि तोपर्यंत बाहेर नेताना तोंडाला जाळी घालावी. ती अशी हवी की कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता याव्यात व पाणी पिता यावे.

अकरा-बारा वर्षांच्या कुत्र्याला बहुधा ऐकू कमी येऊ लागते. घंटा वाजल्याचे त्याला कळत नाही, ‘जागेवर’ हा शब्दही पोहोचत नाही. अशा वेळी लहानपणी शब्दाबरोबर शिकविलेली हाताची खूण उपयोगी पडते. आजी दार उघडण्यापूर्वी त्याच्या समोर येऊन तळहात दाखवितात, आणि ते सावकाश उठून विटलेल्या चादरीवर जाऊन बसते.